समुद्र बघायला नेलं त्याची गोष्ट

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. दूधवाल्याने माप भरताना दुसरीकडे पाहिलं तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. शाळेत शिकवत होते तेव्हा एखादं पोर पोट दुखतं म्हणालं, की मी आधी फळ्याकडे बघायची, आज कोणता पाढा म्हणून घ्यायचा आहे ते. निवृत्तीच्या कार्यक्रमात आमच्या मुख्याध्यापकांनी त्याला चौकस बुद्धी म्हटलं. घरात माझी सून त्याला काय म्हणते तेही मला ठाऊक आहे. लोकांना वाटतं, हा मास्तरकीचा परिणाम. तसं काही नाही. मी सतरा वर्षांची होते तेव्हाच अशी होते, आणि त्या वयात एका रविवारी मी जे करून बसले ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. या आठवणी लिहायला घेतल्यापासून दोनदा त्या रविवारापाशी आले आणि दोनदा वळसा घालून पुढे गेले. आता लिहून टाकते.

आमचं घर दोंडाईच्यात, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. भाऊ, म्हणजे माझे वडील, लाल मिरचीचा व्यापार करायचे. हंगामात मागच्या अंगणात मिरची पसरलेली असे, दहा-बारा बायका बसून तिची देठं खुडत असत, आणि हंगाम सरला तरी तिचा खकाणा घरातून जात नसे. गोधडी झटकली की खकाणा, खुंटीवरचा सदरा काढला की खकाणा. नवीन पाहुणा उंबरठ्यात आला की आधी शिंकायचा, मग रामराम करायचा. आम्हा घरच्यांना शिंका येत नसत, ठसका मात्र सगळ्यांना. बोलता बोलता खोकून थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि राहिलेलं वाक्य पुरं करायचं, ही आमच्या घरात बोलण्याची रीतच होती. आई आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, त्याचा थपथप आवाज, मागे बायकांची गाणी आणि मधूनमधून कुणाचा तरी ठसका, एवढ्यात माझा अभ्यास चालायचा. मला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. धुळ्याच्या कॉलेजात अर्ज भरला होता. त्या वर्षी प्रवेश लांबले होते आणि यादी दिवाळीच्या सुमाराला लागणार असं सांगत होते, म्हणून मी घरीच होते.

काकू ही भाऊंच्या धाकट्या भावाची बायको. काका विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून गेला तेव्हा त्यांच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मूलबाळ नव्हतं, माहेरी परत जावं तर तिथे कुणी उरलं नव्हतं. मी सांगते त्या वर्षी ती पंचविशीची होती. देठं खुडणाऱ्या बायकांवर तिची देखरेख असायची, त्यामुळे तिची बोटं कायम तांबूस आणि डोळे कायम लाल. मी आणि ती एकाच खोलीत झोपायचो. माझे इतिहासाचे धडे तिला ऐकून ऐकून पाठ झाले होते, मी अडले की अंथरुणातून ती पुढचं वाक्य सांगायची. ती अस्सल अहिराणी बोलायची, अजूनही बोलते. मी मात्र इथे बहुतेक सगळं शाळेच्या मराठीत लिहिते आहे, नाहीतर पुण्या-मुंबईकडच्या वाचणाऱ्यांची दमछाक व्हायची. मला ती सुनी म्हणायची. मैत्रीण म्हणावी अशी त्या घरात मला तीच होती.

संशयाची सुरुवात कानबाईच्या गव्हापासून झाली. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू काढायचे. पुष्कळ घरांत फक्त पुरुषांच्या नावाने काढतात, आमच्या घरी बायकापोरींच्याही नावाने काढत. ते गहू दळून त्याचे जाड रोट करायचे, आणि खायचे ते फक्त त्या कुळातल्या माणसांनी. शेजाऱ्याला तुकडाही द्यायचा नाही. सासरी गेलेली लेक त्या दिवशी माहेरी आली तरी तिच्या ताटात रोट पडत नाही, कारण तिचं कूळ आता वेगळं. त्या वर्षी आई एकेक नाव पुटपुटत सुपात गहू टाकत होती आणि मी चौकटीला टेकून बघत होते. भाऊ, आई, काकू, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ, अशी आम्ही सहा माणसं. आईने पाचच वेळा हात घातला आणि सूप उचललं. मी म्हटलं, "आई, एक नाव राहिलं." आई म्हणाली, "काही राहिलं नाही. तू आपला अभ्यास कर."

आई आणि मोजणीत चुकेल? मिरचीच्या पोत्यावर नुसता हात ठेवून ती वजन सांगायची. तेव्हा एक नाव गाळलं ते मुद्दाम गाळलं, आणि घरातून बाहेर जाण्यासारखं, म्हणजे कूळ बदलण्यासारखं, एकच माणूस होतं. मी. रविवारी माझ्या ताटात रोट पडला खरा, पण त्यानेही माझं समाधान झालं नाही. मला वाटलं, शेवटचा म्हणून वाढला असेल. काकूने त्या दिवशी रोट खाल्ला नाही. पोट बिघडलंय म्हणाली आणि दूधभात जेवून उठली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष माझ्याच ताटात होतं.

पुढच्याच आठवड्यात आईने सांगितलं की आपण सुरतेला मामाकडे जाऊ, आणि जातोच आहोत तर एका दिवसात समुद्र पाहून येऊ. आई, जिला बाजारपेठेपर्यंत जायचं तर चार दिवस आधी डोकं दुखायला लागायचं, ती समुद्र बघायला निघाली होती. मला नवीन साडी घेतली, मोरपंखी, जरीकाठाची. सतरा वर्षांत मला न सांगता, न मागता आलेली ती पहिली साडी. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय सुनीच्या आई, पोरीला घेऊन सुरतेला? काही विशेष?" आणि आई नाही म्हणायची नाही, हो म्हणायची नाही, पदर सारखा करून नुसती हसायची. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा प्रकार. भाऊ येणार नव्हते. येणार होत्या आई, काकू आणि मी. मी काकूला विचारलं, "तुला माहीत आहे ना सगळं?" तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "माले काय माहीत?" ती खोटं बोलत होती हे मला कळलं. तीही त्यांना सामील आहे याचं मला इतकं वाईट वाटलं की गाडीत नंदुरबार येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

उत्तममामा सुरतेत उधन्याला राहायचे, मागावर कामाला होते. उधना म्हणजे दुसरा खान्देशच. त्या वस्तीत एका खोलीत शिंदखेड्याचे लोक, शेजारच्या खोलीत आमच्या दोंडाईच्याचे. सकाळी कुणाकडे काय शिजलं ते संध्याकाळच्या गाडीने गावाला पोचायचं. रविवारी सकाळी मामी दशम्या आणि तीळ-लसणाची चटणी बांधत होती आणि बांधता बांधता माझ्याकडे बघून गालात हसत होती. मग तिने आपल्या पेटीतून काचेच्या बांगड्या काढल्या आणि काकूच्या हातात दोन-दोन चढवल्या. काका गेल्यापासून काकूचे हात रिकामे होते. मामी म्हणाली, "चार माणसांत जायचं, रिकामे हात बरे दिसत नाहीत." मला वाटलं, कळलं. पोरगी दाखवायला निघालेत, तिथे विधवा बाई बरोबर दिसायला नको, म्हणून हे सोंग. काकू हाताकडे बघत बसली होती. ज्यांच्यासाठी हे सोंग होतं त्या माणसांचा मला मनापासून राग आला.

वलसाडच्या पॅसेंजरमध्ये आम्हाला समोरासमोर दोन बाकं मिळाली, आणि एका बाकावर मामांनी उपरणं टाकून जागा धरून ठेवली. कुणासाठी, असं मी विचारल्यावर म्हणाले, "सामान ठेवायला." सामान म्हणजे एक पिशवी. नवसारी आलं आणि डब्यात चढला एक पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा सदरा, हाताला धरलेली चार वर्षांची पोर, आणि मागून एक जाडजूड बाई. "अरे, उत्तमराव, तुम्ही इकडे कुठे?" तो म्हणाला. "अरे वा, सुभाष, काय योगायोग," मामा म्हणाले. दोघांनाही नाटकात कुणी घेतलं नसतं. उपरणं लगेच उचललं गेलं आणि ती तिघं बसली. हळूहळू उलगडा झाला तो असा की हा सुभाष मूळचा शिंदखेड्याकडचा, नवसारीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. पोरीचं नाव बेबी. ती बाई त्याची थोरली बहीण, तिला सगळे अक्का म्हणत होते.  मला वाटलं होतं निदान एखादा कॉलेजातला मुलगा असेल. हे लोक मला बिजवराच्या गळ्यात बांधायला निघाले होते, पोरीसकट.

अक्काने मला विचारलं कितवी शिकलीस, पुढे काय करणार, स्वयंपाक येतो का. मी एका शब्दाची उत्तरं दिली. सुभाष माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, बघ कसा साळसूद आहे. बेबी खिडकीपाशी जायला मिळावं म्हणून काकूच्या मांडीवर चढली ती तिथेच बसून राहिली आणि प्रत्येक स्टेशनाचं नाव काकूला विचारू लागली. काकूला गुजराती अक्षरं वाचता येत नव्हती, ती आपली मनाला येईल ते नाव सांगत होती, आणि पोर ते खरं मानत होती. मध्येच काकूला आमचा घरचा ठसका आला. अक्काने भुवई उचलून पाहिलं, एवढं मला आठवतं.

वलसाडला उतरून रिक्षांनी आम्ही सगळेच, ती तिघंही, तिथलच्या किनाऱ्यावर गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि खरं सांगायचं तर मी तो पाहिला नाही. श्रावणातला समुद्र, पाणी गढूळ, तापीला पूर आल्यासारखं, फक्त पलीकडचा काठ नाही. वाळू काळी. तिच्यावर पाय ठेवला की पायाचा ठसा उमटायचा आणि बघता बघता पाण्याने भरायचा. वारा इतका की मामीचं बोलणं तोंडातून निघून मागे कुठेतरी पडत होतं. भुट्टे भाजणारे होते, नारळवाले होते. मी नव्या साडीत ताठ बसून होते आणि कोण कुणाकडे बघतंय त्याचा हिशोब करत होते. थोड्या वेळाने आई आणि मामी पाण्याकडे पाठ करून बसल्या, मुद्दाम. मामा भुट्टे आणायला गेले ते येईनात. आणि पाण्याच्या कडेने सुभाष, मध्ये बेबी, आणि तिचा दुसरा हात धरून काकू, अशी तिघं हळूहळू चालत लांब गेली. माणूस एकदा एका बाजूने बघायला लागला की त्याला दुसरी बाजू दिसत नाही. मला वाटलं, तो काकूला गाठून माझी माहिती काढतोय.

तेवढ्यात अक्का माझ्याजवळ येऊन बसली. दशमीचा तुकडा मोडत, अगदी सहज विचारावं तसं तिने विचारलं, "तुझे काका कशाने गेले गं?"

मला आत्ताही तो क्षण तसाच्या तसा दिसतो. माझ्या मनात आलं, हे घराण्याचं आरोग्य तपासतायत. ठीक आहे, मग तपासाच. यांना पळवून लावायला याच्याइतकी चांगली संधी मिळायची नाही. मी आवाज खाली आणला. म्हटलं, "अक्का, तुम्हाला काय सांगितलंय?"

"विहिरीवर शॉक लागला म्हणाले."

"सगळ्यांना तेच सांगतात," मी म्हटलं. "काकाला छातीचा रोग होता. क्षय. घरात नाव काढायची बंदी आहे. शेवटी रक्त पडायचं. मलासुद्धा खोकला असतो, आम्हाला सगळ्यांनाच असतो. काकूने तर वर्षभर त्याचं सगळं केलं, थुंकीचं भांडंसुद्धा तीच उचलायची. तिला आता कसा ठसका येतो ते ऐकलंत ना गाडीत?"

अक्काच्या हातातला तुकडा हातातच राहिला.  माझी तर छाती फुगली, एका फटक्यात काम झालं म्हणून. काकूचं नाव मी का घेतलं? पुराव्यासाठी. खोटं बोलताना एखादा दाखला दिला की ते खरं वाटतं, हे मला त्या वयातही कळत होतं. मग मी पदर खोचून पाण्यात गेले आणि गुडघ्यापर्यंत भिजून आले. भुट्टा खाल्ला, चांगला लिंबू-मीठ लावून. त्या दिवशीचा समुद्र मला आवडला तो एवढाच अर्धा तास.

परतीच्या गाडीत पुन्हा तीच बाकं, तीच माणसं. बेबी दमून काकूच्या मांडीवर आडवी झाली होती. तिला तहान लागली तेव्हा काकूने आपल्या पितळी पेल्यात पाणी घेतलं, आधी स्वतः एक घोट पिऊन पाणी गरम तर नाही ना ते पाहिलं, आणि मग पेला पोरीच्या तोंडाला लावला. अक्का समोरून उठली. तिने बेबीला काकूच्या मांडीवरून उचललं, आपल्या मांडीवर घेतलं आणि पदराच्या टोकाने तिचं तोंड पुसलं. एकदा पुसून तिचं समाधान झालं नाही, पुन्हा पुसलं. पोर रडायला लागली, काकूकडे हात करायला लागली. सुभाष म्हणाला, "राहू दे ना अक्का, बसली होती चांगली." अक्का म्हणाली, "तू गप बस, मग सांगते." काकूचे हात मांडीवर तसेच उघडे राहिले, पोरीला धरल्यासारखे, आणि मनगटात त्या दोन-दोन बांगड्या.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बांगड्या तिच्या हातात होत्या. रोट तिने खाल्ला नव्हता. सुपात गाळलेलं नाव तिचं होतं. आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न, ते आमच्यात पूर्वीपासून चालतं. पण तिला बघायला कुणी ओट्यावर येत नाही. ते गावाबाहेर, गाजावाजा न करता, योगायोगाने भेटल्यासारखं करायचं असतं, म्हणजे जमलं नाही तर बाईची बोलवा होत नाही. मेलेल्या नवऱ्याचा थोरला भाऊ तिथे हजर राहत नाही, म्हणून भाऊ आले नव्हते. आणि गल्लीला, उधन्याच्या वस्तीला कळू नये म्हणून एक आड लागते. ती आड मी होते. मोरपंखी साडी त्यासाठी होती. लग्न न झालेल्या पोरींपुढे पाटाची गोष्ट काढत नाहीत, म्हणून मला कुणी सांगितलं नाही. मी शितावरून भाताची परीक्षा करायला गेले होते आणि शित दुसऱ्याच पातेल्यातलं निघालं होतं.

बिलिमोरा मागे पडलं होतं. नवसारीला ही माणसं उतरणार. अक्का बेबीला घेऊन दरवाज्याजवळच्या नळावर तिचं तोंड धुवायला गेली, तशी मीही मागोमाग गेले. गाडीचा खडखडाट होता, मोठ्याने बोलावं लागत होतं. मी म्हटलं, "अक्का, मी मघाशी खोटं बोलले. काकाला शॉकच लागला होता. आमच्याकडे कुणाला काही रोग नाही. आमचा मिरचीचा धंदा आहे, त्याचा हा ठसका आहे. मला वाटलं तुम्ही मला बघायला आलात, म्हणून बोलले."

अक्काने नळ बंद केला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फार मायेने बोलली. "पोरी, मघाशी तू घाबरली नव्हतीस. आता घाबरलीस. माणूस न घाबरता बोलतो ते खरं असतं."

"कानबाईची शपथ घेऊन सांगते."

"मघाशी तर बिनशपथेचं बोललीस की. तेवढं मला पुरे आहे." तिने माझ्या गालावर ओला हात ठेवला. "काकूवर तुझा जीव आहे म्हणून झाकतेस. चांगली पोर आहेस तू. मी कुणाला काही सांगणार नाही, पण मला माझ्या भावाचं घर बघायचंय. एक बाई आम्ही आधीच स्मशानात पोचवली."

मी वळले तर मागे काकू उभी होती, हातात तो पितळी पेला घेऊन. तो विसळायला आली असावी. तिने किती ऐकलं ते मला विचारावं लागलं नाही. ती माझ्या बाजूने पुढे झाली, नळ सोडला, पेला विसळला, पुन्हा विसळला आणि परत जागेवर जाऊन बसली. नवसारीला ती तिघं उतरली. सुभाष खिडकीपाशी येऊन आईला म्हणाला, "येतो आम्ही, कळवतो," आणि काकूकडे बघून थोडंसं हसला. त्याला अजून काही माहीत नव्हतं. काकूनेही पदर पुढे ओढून मान हलवली. गाडी सुटल्यावर आई आणि मामी एकमेकींकडे बघून हसल्या, कारण त्यांच्या मते काम फत्ते झालं होतं.

पंधरा दिवसांनी मामांचं पत्र आलं, त्या लोकांचा विचार बदलला. कारण लिहिलं नव्हतं. भाऊ म्हणाले, योग नव्हता. आईचा योगावर विश्वास नव्हता, तिला संशय घ्यायला कुणीतरी माणूस हवं होतं. तिने मामीवर घेतला, की मामीच काहीतरी बोलली असणार. मामीने शेजारणीवर घेतला. त्यावरून आई आणि मामी दीड वर्ष एकमेकींशी बोलत नव्हत्या. आईने हे सगळं काकूसाठी केलं की काकूचा शेतातला वाटा मोकळा व्हावा म्हणून केलं, असाही एक संशय माझ्या मनात पुढे बरीच वर्षं होता. आता वाटतं, दोन्ही असेल. पण त्या वेळी घरात खरं काय ते फक्त मला आणि काकूला माहीत होतं आणि आम्ही दोघी गप्प होतो.

माझ्या गप्प बसण्याचं कारण मी लपवत नाही. मी भाऊंना सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी नवसारीला गेले असते. काका गेला तेव्हाचा दवाखान्याचा कागद घरात पेटीत होता, तो त्यांनी अक्कासमोर ठेवला असता आणि सगळं सरळ झालं असतं. पण मग त्यांनी मला डी.एड.ला पाठवलं नसतं. अशा तोंडाच्या पोरीला धुळ्यात एकटी ठेवायला आमचे भाऊ तयार झाले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. मी रोज ठरवायची, उद्या सांगू. यादी लागली, तीत माझं नाव होतं, आणि दिवाळीनंतर मी धुळ्याला हॉस्टेलवर गेले. पुढे काकूचा विषय आणखी दोनदा निघाला. दोन्ही वेळा तिने चुलीपुढून न उठता सांगितलं, "माले नही जानं." तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. अक्काने मात्र शब्द पाळला, कुणाला काही सांगितलं नाही.

काकू मला एका शब्दाने कधी बोलली नाही. मला ते सगळ्यात जड गेलं. हॉस्टेलवर तिचा डबा यायचा, दराब्याचे लाडू, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, ठेचा. लाडू मोजून जास्त दिसला तरी मी विचारात पडायची की हा का जास्त. माझ्या लग्नात ती राबली, माझ्या दोन्ही बाळंतपणांत ती माझ्याजवळ होती, माझ्या मुलांना तिने न्हाऊमाखू घातलं. आणि मी प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, की हिच्या मनात ते आहे की नाही. आईवडील गेले, भावांनी घर वाटून घेतलं, तशी मी काकूला धुळ्याला माझ्याकडे आणली. त्याला अकरा वर्षं झाली. सून म्हणते, तुमच्या काकूंवर तुमचा फार जीव आहे. आहेच.

गेल्या महिन्यात माझी नात मैत्रिणींबरोबर कुठल्याशा समुद्रावर गेली होती, तिने मोबाईलवर फोटो पाठवले. निळं पाणी, पांढरी वाळू. मी ते काकूला दाखवले. ती मेथी निवडत बसली होती. चष्मा वर करून तिने पाहिलं आणि म्हणाली, "आपला तं काया व्हता." आपला काळा होता. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य. माझं धाडस झालं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "काकू, तुला माझा राग आहे?"

"शे ना," ती म्हणाली, म्हणजे आहे ना. "आजबी शे. पन रुसीसन कोठे जाऊ मी?"

तिने हे बोलताना मेथीची काडी खाली ठेवली नाही, की माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता थांबावं. पण मी थांबणाऱ्यातली नाही. मी विचारलं, "मग तेव्हा तू आईला का सांगितलं नाहीस? भाऊंना का सांगितलं नाहीस? तू सांगितलं असतंस तर सगळं सरळ झालं असतं."

"मी काय सांगू? तू सांगशी म्हनीसन वाट देखी." तिने निवडलेली मेथी टोपलीत टाकली. "दिवाळीलगून देखी. दिवाळीले त्यानं दुसरी करी." दिवाळीपर्यंत वाट पाहिली, दिवाळीला सुभाषने दुसरं लग्न केलं.

श्रावणाच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत दोन महिने होतात. ते दोन महिने आम्ही दोघी रोज एकाच खोलीत, हातभर अंतरावर झोपत होतो.